पिल्लांत कोंबडे किती, तलंगा किती?

गावरान कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांत कोंबडा कोणता आणि तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, कोणती, हे साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यात, पिल्लू हातात घेऊन पाहिले तर खात्रीने सांगता येते. त्याआधी घरच्या घरी जे सांगितले जाते ते अंदाज असतात. त्यांतले काही बऱ्यापैकी खरे ठरतात, काही निव्वळ करमणुकीचे. परसात दहा-वीस पक्षी पाळणाऱ्याला हा फरक वेळेवर कळण्याची गरज मात्र खरी असते. तलंग ठेवायची ती अंड्यांसाठी आणि पुढच्या रवणीसाठी, म्हणजे अंडी उबवायला. कोंबडा एखादा-दुसरा पुरतो, बाकीचे योग्य वेळी विकायचे असतात. तलंगा म्हणून बाजारातून आणलेल्या सहा पक्ष्यांपैकी तीन पुढे आरवायला लागले, तर चार-पाच महिन्यांचे खाद्य आणि अंड्यांचा हिशेब दोन्ही हुकतात. शहरात बंगल्यामागे किंवा गच्चीवर चार कोंबड्या पाळणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. भल्या पहाटे आरवणारा कोंबडा शेजाऱ्यांच्या फार दिवस पचनी पडत नाही.

नर की मादी हे कोंबडीच्या पोटातच ठरते, आणि तेही अंड्याला कवच येण्याच्या आधी. माणसात हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, पक्ष्यांत आईकडून येणाऱ्या. कोंबड्याची दोन्ही लिंगगुणसूत्रे सारखी असतात, त्यांना झेड-झेड म्हणतात. कोंबडीची वेगवेगळी, झेड आणि डब्ल्यू. तिच्याकडून झेड आले तर नर, डब्ल्यू आले तर मादी. कवच चढते त्यानंतर, त्यामुळे अंड्याचा घाट पाहून आतले पिल्लू ओळखता येत नाही. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, असे खेड्यापाड्यांत आजही सांगतात. हा वाद फार जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात लांबट, टोकदार अंडी मादीची म्हटली आहेत, तर रोमन शेतीलेखक कोलुमेला अगदी उलट सांगतो. दोघांनाही मानणारे होतेच, कारण डोळे मिटून सांगितले तरी निम्म्या वेळा बरोबर येते. अंड्याचा घाट कोंबडीच्या अंडनलिकेवर अवलंबून असतो आणि एक कोंबडी बहुधा एकाच घाटाची अंडी देत राहते. टोकदार अंडी देणारीच्या पोटी नुसते कोंबडेच निघाले असते, तर ते कोणाच्याही ध्यानात आले असते. उबवताना ऊब कमी-जास्त केल्यानेही नराची मादी होत नाही.

रवणीतून नर-माद्या सरासरीने निम्म्या-निम्म्या निघतात. पण सरासरी मोठ्या संख्येत दिसते. दहा पिल्लांत नेमके पाच-पाच येण्याचा योग साधारण चारांतून एकदा. सात कोंबडे नि तीन तलंगा निघाल्या तर त्यात नवल नाही आणि कोंबडीचा दोष तर मुळीच नाही.

एक दिवसाच्या पिल्लावर करायचे घरगुती प्रयोग पुष्कळ आहेत. पिल्लू पायांना धरून उलटे लोंबकळवायचे आणि ते मान वर उचलते की गप्प राहते ते पाहायचे. दोऱ्यात सुई ओवून डोक्यावर धरायची आणि ती गोल फिरते की पुढेमागे हलते ते पाहायचे. यांतल्या एकालाही आधार नाही, आणि उलटे लोंबकळवण्यात पिल्लाचा पाय दुखावण्याची भीती मात्र आहे. जन्मलेल्या दिवशीच खात्रीने ओळखण्याची खरी पद्धत जपानमध्ये तयार झाली. किओशी मासुई आणि जुरो हाशिमोतो या संशोधकांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले, की पिल्लाचे विष्ठाद्वार हलके उलटून पाहिले तर आतल्या बारीक उंचवट्याच्या आकारावरून नर-मादी कळते. १९३३मध्ये त्यांचे पुस्तक इंग्रजीत निघाले आणि जपानी तज्ज्ञांना जगभरच्या उबवणी केंद्रांतून बोलावणी येऊ लागली. सरावलेला माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्ले हातावेगळी करतो. तो उंचवटा मोहरीपेक्षाही लहान, काही माद्यांतही तो दिसतो, आणि नजर बसायला महिनोन् महिने रोज हजारो पिल्ले पाहावी लागतात. घरी बसून हे करू नये. अडाणी बोटांच्या दाबाने पोटातली बलकाची पिशवी फुटून पिल्लू दगावते.

पिसे आणि रंग पाहून पहिल्याच दिवशी ओळखण्याच्या आणखी दोन पद्धती आहेत, पण त्या मुद्दाम तशा जोड्या लावलेल्या जातींतच चालतात. पंखाची पिसे सावकाश फुटण्याचा गुण झेड गुणसूत्रावर बसलेला असतो. सावकाश पिसांची कोंबडी आणि लवकर पिसांचा कोंबडा अशी जोडी लावली, की सगळ्या मुली बापावर जातात आणि सगळे मुलगे आईवर. अशा पिल्लाचा पंख पहिल्या दिवशी उलगडला तर मादीची मोठी पिसे वरच्या आच्छादक पिसांपेक्षा स्पष्ट लांब दिसतात. नराची दोन्ही सारख्या लांबीची, किंवा आच्छादक पिसेच लांब. रंगाचेही असेच. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची प्लायमाउथ रॉक कोंबडी आणि ऱ्होड आयलंड रेड कोंबडा यांच्या काळ्या पिल्लांत डोक्यावर पांढरा ठिपका असेल तो नर, नसेल ती मादी. ही युक्ती एका पिढीपुरतीच. त्याच पिल्लांना मोठी करून आपापसांत जोडी लावली, तर पुढच्या पिल्लांत ठिपक्याचा काही अर्थ उरत नाही. परसातल्या कोंबड्यांत तर कोणाचा बाप कोण, हे विचारण्यात अर्थ नसतो. तेव्हा गावरान पिल्लाचे पंख उलगडून पाहण्यात वेळ घालवू नये.

या पद्धतींचा परिणाम मात्र गावच्या बाजारापर्यंत पोहोचतो. अंड्यांच्या कोंबड्यांची पैदास करणाऱ्या मोठ्या केंद्रांत माद्या पहिल्याच दिवशी वेगळ्या होतात, आणि नरांना तिथे काहीच किंमत नसते, कारण ते अंडी देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखे वाढतही नाहीत. बरेच नर मारून टाकले जातात. जर्मनीने २०२२च्या सुरुवातीपासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे यांतली बरीच पिल्ले गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगात बुडवून आठवडी बाजारात आणि शाळांच्या दारात विकायला येतात. मुलांच्या हट्टापायी घेतलेली ही पिल्ले जगली तर बहुधा सगळी कोंबडेच निघतात. अंडी मिळतील या आशेने ती घेऊ नयेत.

पहिले तीन आठवडे गेले, की गावरान पिल्लांत थोडा थोडा फरक दिसू लागतो. या वयात लव जाऊन पिसे येतात, आणि तलंगा यात पुढे असतात. त्यांची शेपटी लवकर फुटते, पाठ आणि खांदे लवकर झाकले जातात. कोंबड्याची शेपटी आखूड बोंडासारखी राहते, पाठीवर आणि पंखाच्या मुळाशी उघडी कातडी दिसते. ऱ्होड आयलंड रेडसारख्या जड जातींत हा फरक चांगला उठून दिसतो. गावरानात तो सावधपणे घ्यावा. असील जातीची पिल्ले नर असोत की मादी, बराच काळ उघडीबागडी दिसतात, आणि ज्यांच्या मानेवर पिसेच येत नाहीत अशा उघड्या मानेच्या कोंबड्यांचेही तसेच. शिवाय खाद्यात प्रथिने कमी पडली किंवा पिल्ले एकमेकांची पिसे उपटू लागली, तर सगळ्यांचीच पाठ उघडी पडते.

पाय आणि बांधाही याच सुमारास बोलू लागतो. नराची नळी जाड, पंजा मोठा, उभे राहण्याची ढब ताठ. मादी ठेंगणी, आडव्या बांध्याची. सहाव्या आठवड्यापासून एकाच रवणीतले नर वजनाने स्पष्ट पुढे जातात. यात एक अट आहे. तुलना एकाच दिवशी निघालेल्या, एकाच जातीच्या पिल्लांत केली तरच ती खरी. आठवडाभर आधी निघालेली तलंग आठवडाभर नंतरच्या कोंबड्यापेक्षा थोराड दिसणारच. दोन कोंबड्यांची पिल्ले एकत्र हिंडत असतील तर आधी त्यांचे वय वेगळे करावे, मग लिंग. झुंजण्यावरून मात्र काहीच ठरवू नये. तीन-चार आठवड्यांची पिल्ले छाती पुढे काढून एकमेकांवर उड्या घेतात, त्यांत तलंगाही मागे नसतात.

तुरा हे सर्वांत बोलके आणि सर्वांत फसवे लक्षण. एकेरी, करवती तुऱ्याच्या जातींत नराचा तुरा चौथ्या-पाचव्या आठवड्यात गुलाबी होतो, सहाव्या-सातव्यात लालबुंद आणि मांसल दिसू लागतो, आणि त्याच सुमारास चोचीखालच्या गलोलीही लोंबू लागतात. तलंगेचा तुरा या वयात बारीक आणि पिवळसर असतो. तो लाल होतो अंड्यावर येण्याच्या थोडा आधी. सहा आठवड्यांची आठ पिल्ले सकाळच्या उन्हात दाण्यावर आली, की दोन-तीन डोकी लाल आणि बाकीची फिकी, असे बहुधा सरळ दिसते. खुराड्याच्या अंधारात हे कळत नाही.

फसगत होते ती तुरा सगळ्या जातींत एकसारखा नसल्यामुळे. असीलचा तुरा मटारासारखा, तीन बुटक्या ओळींचा, डोक्याला चिकटलेला. गलोली तर जवळजवळ नसतातच. तिथे उंची न पाहता रुंदी पाहावी. मधली ओळ जाड आणि लालसर असेल तर नर, तिन्ही ओळी बारीक आणि फिक्या असतील तर मादी. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथाला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाराष्ट्रातही त्याची पिल्ले बरीच पाळली जाऊ लागली. त्याचा तुरा काळपट-जांभळा, त्यामुळे लालीवर काही ठरत नाही, फक्त आकार पाहायचा. उलट, पांढऱ्या लेगहॉर्नचे रक्त असलेल्या तलंगेचा तुरा इतका मोठा होतो की एका बाजूला कलंडतो, आणि न माहिती असलेला माणूस तिला कोंबडा समजतो. आजारपण हे आणखी एक कारण. रक्ती हगवण किंवा जंतांमुळे रक्त कमी झालेल्या कोंबड्याचा तुराही फिका पडतो. तेव्हा पिल्ले सुस्त असतील, विष्ठा पातळ किंवा रक्ताळ असेल, तर लिंग ओळखणे बाजूला ठेवून आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

रंगाची मदत मिश्र गावरान कळपात होते, पण अर्धवट. रानकोंबड्यासारखा तांबूस-काळा रंग असलेल्या पिल्लांत सहा ते आठ आठवड्यांत नराच्या छातीवर काळी पिसे डोकावू लागतात आणि खांद्यावर गडद तांबडा डाग उमटतो. मादीची छाती फिकी, विटकरी राहते आणि पाठीवर एकसारखी बारीक नक्षी येते. नराच्या अंगावरचा रंग ठिगळाठिगळांनी आल्यासारखा दिसतो, मादीचा सारखा. पूर्ण काळ्या, पूर्ण पांढऱ्या किंवा चट्ट्यापट्ट्यांच्या पिल्लांत यातले काही लागू होत नाही.

आता खात्रीचे लक्षण. पाठ जिथे संपून शेपटी सुरू होते, तिथल्या दोन्ही बाजूंच्या पिसांना कमरेची पिसे म्हणता येईल. कोंबड्याची ही पिसे लांब, अरुंद आणि टोकाला निमुळती असतात, त्यांची कड झिरझिरीत आणि चकचकीत असते. तलंगेची आखूड, रुंद, गोल टोकाची आणि काठापर्यंत घट्ट विणलेली. हा फरक आठव्या ते बाराव्या आठवड्यात येतो. त्याआधीची पहिली पिसे दोघांचीही सारखी गोलसर असतात, म्हणून पाचव्या आठवड्यात ती पाहून ‘सगळ्या तलंगा आहेत’ असा आनंद करण्यात अर्थ नाही. नवी पिसे जुन्यांच्या खालून येतात. पाहताना पक्ष्याची शेपटी आपल्याकडे करून तो काखेत धरावा, अंगठ्याने कमरेवरची पिसे उलट दिशेने सारावीत आणि मुळाशी नवीन आलेले, तजेलदार पीस शोधावे. अशी एक-दोन जरी टोकदार आणि चमकदार पिसे सापडली, तरी तो कोंबडा. मानेवरची पिसेही नरात लांब-टोकदार होतात, पण तलंगेच्या मानेची पिसेही थोडी निमुळतीच असतात, त्यामुळे मानेपेक्षा कमरेवर भरवसा ठेवावा. उघड्या मानेच्या पक्ष्यांत तर दुसरा मार्गच नाही. उलट्या पिसांच्या कोंबड्यांत मात्र हे पीस वळलेले असते. ते बोटांनी सरळ करून टोक पाहावे लागते.

या लक्षणाला एवढे महत्त्व का, याचे कारण शरीरात आहे. कोंबडीवर्गात टोकदार, झगमगीत पिसे ही मूळ घडण. मादीच्या अंडाशयातून येणारे संप्रेरक ती पिसे गोल आणि साधी करते. लहानपणी खच्ची केलेल्या कोंबड्यालाही नराची पिसे येतात, आणि अंडाशय निकामी झालेल्या कोंबडीलाही तीच येतात. तुरा मात्र नराच्या संप्रेरकावर वाढतो. म्हणजे तुरा आणि कमरेचे पीस ही एकाच गोष्टीची दोन चिन्हे नव्हेत. ती दोन वेगळ्या कारणांनी येतात. दोन्ही एकच सांगत असतील तर निर्णय पक्का धरावा. लाल तुरा आणि गोल पिसे असे दिसले तर बहुधा ती लवकर वयात येणारी तलंग असते. फिका तुरा आणि टोकदार पिसे असतील तर अशक्त किंवा उशिरा वयात येणारा कोंबडा. अशा पक्ष्यांना दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे, घाईने विकू नये.

पक्षी हातात घेण्याचे निमित्त आयतेच असते. मानमोडीची आरटूबी लस साधारण आठव्या आठवड्यात टोचली जाते, तेव्हा प्रत्येक पक्षी एकदा हातात येतोच. लस टोचतानाच तुरा आणि कमर पाहून संशयित कोंबड्याच्या पायात एका रंगाची आणि तलंगेच्या पायात दुसऱ्या रंगाची प्लॅस्टिकची कडी घालावी. कड्या नसतील तर नखांना रंग लावला तरी काही दिवस भागते. दोरा बांधणे मात्र वाईट: पाय जाड होत जातो, दोरा मांसात रुततो आणि महिन्याभराने पक्षी लंगडू लागल्यावर लक्षात येते. लस नसेल तेव्हा पकडायची वेळ संध्याकाळची, पक्षी खुराड्यात दांड्यावर बसल्यावर. दिवसा मागे धावून पकडलेला पक्षी धापा टाकत असतो, आणि त्या गडबडीत लाल झालेला तुरा पाहून चुकीचा निष्कर्ष निघतो. एका पंखाला किंवा एका पायाला धरून उचलू नये. तळहात छातीखाली आणि दोन्ही पाय बोटांच्या पकडीत घ्यावेत.

आरवण्याने शंका मिटते असे सगळ्यांनाच वाटते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण आरवणे उशिरा येते आणि फार अनियमित असते. एखादा कोंबडा दोन महिन्यांतच घोगऱ्या, तुटक आवाजात सुरू करतो, तर दुसरा, विशेषतः कळपात थोराड कोंबडा असेल तर, पाच महिने गप्प राहतो. थोरला विकला की दुसऱ्या दिवशी धाकट्याला कंठ फुटतो. म्हणून आरवला नाही म्हणजे तलंग, असे समजून बाजारात पैसे मोजू नयेत. पायाच्या मागच्या बाजूचा काटाही असाच. लहानपणी दोघांनाही तिथे खवल्याखाली बारीक गाठ असते. नराचा काटा चार-सहा महिन्यांनंतर वाढतो, आणि काही असील माद्यांनाही चांगला काटा येतो.

क्वचित आरवणारी कोंबडीही निघते. कळपात नर नसला की एखादी वरचढ मादी तसा आवाज काढते. कोंबडीचे फक्त डावे अंडाशय काम करत असते. आजाराने किंवा म्हातारपणी ते निकामी झाले, तर गोल पिसे गळून टोकदार येतात, तुरा वाढतो, काटा फुटतो आणि ती आरवूही लागते. गावाकडे याला अपशकुन मानून अशी कोंबडी लगेच कापतात. अपशकुन काही नाही, पण अशी कोंबडी पुन्हा अंड्यावर येणे कठीण, एवढे मात्र खरे.

अंड्यावर येण्याची चाहूल हे तलंग असल्याचे शेवटचे प्रमाण. संकरित लेअर अठरा-वीस आठवड्यांत अंडे देते. परसातील पालनासाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजासारख्या जाती आणि गावरान कोंबड्या त्याहून बऱ्याच उशिरा, गावरान तर सहा-सात महिन्यांनी. त्याआधी दोन-तीन आठवडे तुरा आणि चेहरा लाल होतो, पाठीवर हात ठेवला की तलंग पंख किंचित पसरून खाली दबते, कोपऱ्याकोपऱ्यांत आणि टोपल्यांत डोकावत जागा शोधते. विष्ठाद्वाराच्या दोन्ही बाजूंना खाली दोन बारीक हाडांची टोके हाताला लागतात. कोंबड्यात आणि लहान तलंगेत त्यांच्यात जेमतेम एक बोट बसते, अंड्यावर आलेल्या कोंबडीत दोन ते तीन बोटे. म्हातारी कोंबडी अंडी देते आहे की नुसती दाणे खाते आहे, हे पाहायलाही हीच खूण वापरतात. कोंबडा या वयात वेगळाच दिसतो: शेपटीत लांब, वाकलेली कोयतीपिसे, दाणा सापडला की माद्यांना बोलावणारा चुकचुकाट, आणि एक पंख जमिनीला घासत तलंगेभोवती घातलेली फेरी.

आठवडी बाजारात तलंगा घेताना बारा आठवड्यांच्या आतले पक्षी घेऊ नयेत. घ्यायचेच तर निम्मे कोंबडे निघतील हे धरून भाव करावा. विकणारा पक्षी पाय बांधून डालग्यात ठेवतो आणि वरून फक्त डोकी दिसतात. डोक्यावर निवड करू नये. पक्षी बाहेर काढायला लावून उन्हात कमरेची पिसे पाहावीत. ते दाखवायला जो का-कू करतो त्याच्याकडून घेऊ नये. सगळ्यांत फिक्या तुऱ्याची निवडत गेले, तर तलंगांबरोबर आजारी पक्षीही घरी येतात, म्हणून डोळे, नाकपुड्या आणि विष्ठा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सरकारी केंद्रांतून मिळणारी एक दिवसाची पिल्ले बहुधा नर-मादी न निवडता दिलेली असतात. त्यांच्यातून अंड्यांसाठी दहा कोंबड्या हव्या असतील तर मरतूक धरून पंचवीस तरी पिल्ले घ्यावी लागतात.

ओळख पटल्यावर किती कोंबडे ठेवायचे हा हिशेब सोपा आहे. आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरतो. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतल्या तलंगांच्या गटातही २५ माद्यांना ३ नर असेच प्रमाण असते. नुसती खायला अंडी हवी असतील तर एकही कोंबडा नको, कोंबड्या त्याच्याविना तितकीच अंडी देतात. नर जास्त झाले की आधी त्यांच्यात रक्तबंबाळ झुंजी होतात, मग त्यांच्या चढण्याने तलंगांच्या पाठीवरची आणि डोक्यामागची पिसे उपटली जातात. म्हणून बाराव्या आठवड्यानंतर नर वेगळे ठेवावेत आणि भरडा जरा वाढवून विक्रीला तयार करावेत. गावरान कोंबड्याला सर्वाधिक गिऱ्हाईक आखाडात, गावोगावच्या जत्रांत आणि नवसाला; श्रावण लागला की भाव पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेली पिल्ले आखाडात चार-पाच महिन्यांची होतात, आणि कोंबडीला रवणीला बसवतानाच हे गणित मांडलेले बरे. पुढच्या पैदाशीसाठी ठेवायचा कोंबडा सर्वांत आधी वाढलेल्या, पाय सरळ असलेल्या, पण माणसाच्या अंगावर न येणाऱ्या नरांतून निवडावा. तो त्याच कळपातल्या बहिणींवर सोडू नये. शेजारच्या गावातल्या ओळखीच्याशी अदलाबदल करावी.

कोंबडा काढून टाकल्यावरही कोंबडीच्या शरीरात त्याचे बीज साधारण दोन आठवडे, कधी तीनही, टिकते. त्यामुळे जुना कोंबडा विकून नवा आणला, तर नव्याचीच पिल्ले हवी असल्यास मधली तीन आठवड्यांची अंडी खायला वापरावीत आणि रवणीसाठी त्यानंतरची जमवावीत.